दोघांनी गाडीने लोणार: काठ, उतार आणि तळ

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला, उल्केच्या आघाताने झालेलं विवर आणि त्यातलं सरोवर बघायला, येणाऱ्या बहुतेक गाड्या दुपारी बाराच्या सुमारास काठावर लागतात आणि दीडच्या आत निघून जातात. वरून एक नजर, चार फोटो, दैत्यसूदनाचं दर्शन, की पुढे शेगाव. ही वेळ सगळ्यात वाईट. ऊन डोक्यावर असतं, विवराच्या भिंतींवर सावल्या नसतात, त्यामुळे खोलीचा अंदाजच येत नाही. खाली एक हिरवट तळं आहे एवढंच कळतं आणि माणूस 'यात काय एवढं' असं म्हणत परत गाडीत बसतो.

म्हणून आम्ही दोघांनी प्रवासाची आखणी उलटीकडून केली. आधी सरोवराच्या दोन वेळा पक्क्या केल्या: पहिल्या दिवशी संध्याकाळी काठ, दुसऱ्या दिवशी सकाळी उतरण. त्या गाठायच्या तर पुण्याहून किती वाजता निघायला हवं, हे मागे मागे मोजत काढलं. उत्तर आलं पहाटे पाच. मुक्काम लोणारलाच. संभाजीनगरला राहून 'एका दिवसात उरकू' म्हणणाऱ्यांना पुन्हा तीच बारा-साडेबाराची वेळ मिळते.

मोसमाचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात विवर हिरवंगार आणि देखणं दिसतं, पण उतरणीचे दगड शेवाळतात आणि तळाशी चिखल होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि विवराच्या तळाला वारा लागत नाही. तेव्हा सकाळी नऊनंतर खाली थांबू नये. नवरात्रात कमळजा देवीची यात्रा असते. गर्दी नको असेल तर ते दिवस टाळा. वाटेत सिंदखेडराजा बघायचं असेल तर १२ जानेवारी, म्हणजे जिजाऊ जयंती, लक्षात ठेवा. त्या दिवशी तिथे लोटणाऱ्या जनसमुदायात सामील व्हायचं असेल तर जरूर जा, पण गाडी घेऊन त्यातून सहज पार होऊ अशी अपेक्षा ठेवू नका.

आता गाडी. समृद्धी महामार्गावर जायचं तर तयारीचा निम्मा भाग टायरचा. हा रस्ता काँक्रीटचा, सरळ आणि मोकळा; मोटारींना सपाट भागात ताशी १२० किमीची मुभा आहे. त्या वेगाने तास-दीड तास सलग चाललेल्या टायरमध्ये जी उष्णता साठते, ती शहरात कधीच साठत नाही. टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा कमी हवा असते. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि सुटते, त्या दबण्या-सुटण्यात आतले थर तापतात, रबर आणि दोऱ्यांची पकड सुटते आणि मग टायर एकदम जातो. 'लांब जायचंय, गरम होऊन हवा वाढेल, म्हणून आधीच दोन-तीन पॉइंट कमी ठेव' हा सल्ला पेट्रोल पंपावर हमखास मिळतो. तो नेमका उलटा आहे.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीची पट्टी असते. तिच्यावर कमी माणसांसाठी एक आकडा आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा असतो. दोघं आणि दोन बॅगा एवढ्याला पहिला आकडा पुरतो. समजा तो ३३ आहे, तर टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीन तास तरी उभी राहिल्यावर, ३३ भरायची. चालून गरम झाल्यावर तीच ३७ च्या आसपास दिसेल. ती काढायची नाही. गरम टायरमधून ३३ पर्यंत हवा सोडली, तर थंड झाल्यावर ती २९ उरते. नायट्रोजन भरायला हरकत नाही, पण त्याने आकडा तपासायचं काम टळत नाही.

टायरचं वयही बघा. बाजूला इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार अंक कोरलेले असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांपुढच्या टायरवर, आणि भिंतीला बारीक भेगा दिसत असतील तर त्याआधीही, १२० च्या वेगाचा भरवसा ठेवू नये. नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं आणि टायर बदलायचा. स्टेपनीची हवा कोणी बघत नाही, ती बघा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी बारीक असते आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. ती लावून महामार्गावर पुढे रेटायचं नाही, पहिल्या इंटरचेंजला उतरून पंक्चर काढायचं.

आणि फुटलाच तर? ब्रेकवर पाय दाबायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, गाडी स्वतःहून मंदावू द्यायची आणि मग डावीकडे घ्यायची. गाडी थांबली की दोघांनीही उतरून लोखंडी कठड्यापलीकडे जायचं. त्रिकोण गाडीच्या मागे निदान पन्नास पावलं लांब ठेवायचा. गाडीत बसून मदतीची वाट बघणं या रस्त्यावर सगळ्यात धोक्याचं.

फास्टॅगचं एक सांगून ठेवतो. राष्ट्रीय महामार्गांसाठी जो वार्षिक पास निघाला आहे, तो समृद्धीवर चालत नाही, कारण हा रस्ता राज्याचा. इथे टोल अंतरावर आहे: चढताना नोंद होते, उतरताना पैसे कापले जातात. म्हणून चढतानाच टॅग नीट वाचला गेला का हे बघा आणि खात्यात जायचे-यायचे दोन्ही वेळचे पैसे आधीच ठेवा. पेट्रोल किंवा डिझेलची टाकी चढण्याआधी भरा. समृद्धीवर पंप आहेत, पण तुमच्या मनात येईल तिथे नाहीत. दुचाकीला या रस्त्यावर परवानगी नाही, त्यामुळे बुलेटवरून निघालेल्या जोडप्यांनी जालना मार्गे जुना रस्ताच धरावा.

पुण्याहून लोणार साधारण चारशे किलोमीटर. शिक्रापूरची कोंडी सकाळी साडेसहाच्या आत मागे पडली पाहिजे, म्हणून पाचचा आग्रह. अहिल्यानगरच्या पुढे नाश्ता, मग वाळूजपर्यंत साधा महामार्ग. तिथून संभाजीनगर शहरात न शिरता दौलताबादच्या बाजूला माळीवाड्याला समृद्धीवर चढता येतं. मुंबईकरांचं काम आता सोपं झालंय. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता जोडला गेला, त्यामुळे भिवंडीजवळ आमणेला चढलं की थेट बुलढाणा जिल्ह्यातच उतरायचं.

समृद्धीवर चालवणं कंटाळवाणं आहे, आणि कंटाळा हाच इथला धोका. वळण नाही, सिग्नल नाही, गाव नाही, आडवं येणारं माणूस नाही. डोळे उघडे राहतात, पण मेंदू बघणं सोडून देतो. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तीन सेकंद लक्ष गेलं की शंभर मीटर आंधळे गेले. दोघंच असाल तर यावर एकच उपाय खरा: दुसऱ्याने झोपायचं नाही. आमच्यात ठरलेलं असतं की दीड तास एक चालवणार, दीड तास दुसरा, आणि जो चालवत नाही त्याच्याकडे नकाशा, टोल, पाणी आणि बोलणं. त्यालाही झोप येऊ लागली तर गाडी पुढच्या पंपावर किंवा थांब्यावर घ्यायची, बाहेर येऊन दहा मिनिटं चालायचं. रस्त्याच्या कडेला, पट्ट्याबाहेर गाडी लावून चहा प्यायला बसलेले लोक दिसतील. त्यांचं अनुकरण करू नका. मागून येणाऱ्या पेंगुळलेल्या ट्रकला ती गाडी थांबलेली आहे हे फार उशिरा कळतं. ट्रक बऱ्याचदा मधल्या पट्ट्यातून जातात. त्यांना डावीकडून ओलांडायचा मोह होतो, तो आवरा. सकाळी आणि तिन्हीसांजेला रोह्यांकडे, म्हणजे नीलगायींकडे, लक्ष असू द्या. कुंपण आहे, तरी.

उतरायचं कुठे याचे दोन पर्याय. सिंदखेडराजाला उतरलात तर लखुजी जाधवांचा राजवाडा, म्हणजे जिजाऊंचं जन्मस्थान, बघून दुसरबीड-बीबीच्या रस्त्याने लोणार गाठता येतं. मेहकरला उतरलात तर सुलतानपूरवरून लोणार. हा शेगाव-पंढरपूर पालखी मार्गाचा भाग असल्यामुळे रस्ता रुंद आणि चांगला आहे. आम्ही जाताना सिंदखेडराजा आणि येताना मेहकर असं करतो. मेहकरला शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली भव्य मूर्ती आहे, ती चुकवण्यासारखी नाही. इंटरचेंज मात्र चुकवू नका. मागे वळता येत नाही, रिव्हर्स घेणं म्हणजे आत्महत्या. सिंदखेडराजा हुकलं तर पुढे मेहकर आहेच, पण मेहकर हुकलं की गाडी वाशीम जिल्ह्यात गेली. नकाशा ज्याच्या हातात आहे त्याने पाच किलोमीटर आधीच आवाज द्यायचा आणि गाडी डाव्या पट्ट्यात आणायची.

दोन-अडीचपर्यंत लोणार. एमटीडीसीचं निवासस्थान विवराच्या समोरच आहे. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी ते आधी ऑनलाइन घेतलेलं बरं. गावात साधी लॉजं आहेत. जेवण पिठलं, भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी असं; ठेचा जपून.

चार वाजता काठावर जा. गाडी लावताना खिडक्या पूर्ण बंद करा आणि खाण्याची पिशवी सीटवर दिसेल अशी ठेवू नका. इथली वानरं सरावलेली आहेत. आता बघायला सुरुवात. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर, काठापासून तळापर्यंतची खोली दीडशे मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे पंचेचाळीस मजली इमारत आत उभी केली तर गच्ची काठाला लागेल. चारनंतर पश्चिमेच्या काठाची सावली आत सरकू लागते आणि तेव्हा कुठे ही खोली डोळ्यांना पटते. फोनच्या साध्या लेन्समध्ये सगळं विवर मावत नाही. पॅनोरमा काढताना फोन उभा धरा, पट्टी बारीक येत नाही. ड्रोन आणू नका. हे अभयारण्य आहे आणि परवानगीशिवाय उडवणं गुन्हा ठरतो.

काठावर उभं राहून फक्त पाण्याकडे बघू नका, पायाखालचा दगड बघा. सह्याद्रीत कुठेही घाटातून जाताना काळ्या कातळाचे थर आडवे, एकावर एक, सपाट दिसतात. लाव्हा वाहत येऊन थिजला, त्याचे ते थर. लोणारच्या भिंतीतही असे सहा थर मोजता येतात. पण काठाजवळ आलं की ते आडवे राहत नाहीत. मध्यापासून बाहेरच्या बाजूला कललेले, उचलले गेलेले दिसतात. शिवाय काठ आजूबाजूच्या शेतांपेक्षा वीस-तीस मीटर उंच आहे. गावाकडून येताना शेवटचा चढ लागतो तो यामुळेच. जमीन नुसती खचली असती तर काठ असा वर उचलला गेला नसता. आघाताने आतला खडक बाहेर फेकला गेला, काठाचे थर वर वाकले, आणि उडालेला माल विवराबाहेर सव्वा किलोमीटरपर्यंत पसरला.

उल्कापाताचा हा निष्कर्ष सहज निघालेला नाही. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ हे ज्वालामुखीचं मुख आहे असंच मानलं जाई, आणि ते स्वाभाविकही होतं. सगळीकडे लाव्हाच तर पसरलाय. १९७३ च्या संशोधनात इथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं आणि वादाचा निकाल लागला. बेसॉल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या कातळात, फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. प्रचंड दाबाचा धक्का एका क्षणात बसला तर ते वितळल्याशिवायच काचेसारखं होतं. ती काच म्हणजे मॅस्केलिनाइट. ज्वालामुखी कितीही तापला तरी असा धक्का देऊ शकत नाही. बेसॉल्टमध्ये झालेलं इतकं शाबूत विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे, म्हणून चंद्र आणि मंगळ यांचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात.

वयाबाबत एक सूचना. बऱ्याच ठिकाणी अजून ५० किंवा ५२ हजार वर्षं वाचायला मिळतं. ते जुन्या, खनिजाने साठवलेल्या ऊर्जेवरून काढलेल्या मोजमापाचं उत्तर. आघातात वितळलेल्या खडकावर आर्गॉन पद्धतीने केलेलं आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं मोजमाप ५ लाख ७० हजार वर्षं देतं, ४७ हजार वर्षं इकडे-तिकडे. गाइडने ५२ हजार सांगितलं तर वाद घालू नका, पण वहीत दुसरा आकडा लिहा.

सूर्य मावळायच्या आधी गावातलं दैत्यसूदन मंदिर बघून घ्या. लोणासुराला विष्णूने मारलं ती कथा इथली, आणि सरोवराचं नावही त्याच असुरावरून सांगतात. कथेपेक्षा आम्हाला बाहेरच्या भिंती जास्त आवडतात: तारकाकृती आखणी, कोनाकोनांत वळणारा पाया, त्यावर ओळीने मूर्ती. संध्याकाळचं तिरपं ऊन असतानाच ही कोरीव कामं उठून दिसतात. मे महिन्याच्या मध्यात काही दिवस सूर्यकिरण गाभाऱ्यातल्या मूर्तीवर पडतात. त्यासाठी खास येणारे आहेत, पण उन्हाची तयारी ठेवून.

त्याच संध्याकाळी एक चौकशी जरूर करा: उद्या खाली जायची कोणती वाट खुली आहे आणि गेट किती वाजता उघडतं. वाटा वनखात्याच्या ताब्यात आहेत. शिवाय अलीकडच्या काही पावसाळ्यांत पाण्याची पातळी वाढून कमळजा देवीच्या देवळापर्यंत आली आहे, त्यामुळे जुन्या वर्णनांतली काठाकाठाने फिरायची वाट दर वर्षी मिळेलच असं नाही. सरोवराला पूर्ण फेरी मारायचा बेत वाचून आलेले बरेच जण इथेच अडतात. स्थानिक गाइड घेणं आमच्या मते योग्य. देवळं झाडीत विखुरलेली आहेत आणि बाभळीच्या गचपणात वाटा फसव्या.

सकाळी गेट उघडताच उतरायचं. प्रत्येकी दोन लिटर पाणी, पूर्ण लांबीची पँट, घोटा झाकणारे आणि तळव्याला पकड असलेले बूट, टोपी, आणि हातात काठी असेल तर उत्तम. सॅंडल घालून आलेल्यांचे पाय वेड्या बाभळीच्या काट्यांनी भरतात. हे काटे पातळ तळव्यातून आरपार येतात. उतरायला अर्धा-पाऊण तास, चढायला पाऊण ते एक तास धरा. खाली मोबाइलची रेंज भरवशाची नाही, म्हणून दोघांनी वेगवेगळ्या दिशांना जायचं नाही. बिबट्याचा वावर असतो, त्यामुळे अंधारात उतरणं किंवा संध्याकाळी उशिरापर्यंत खाली रेंगाळणं हे दोन्ही नको.

गावाच्या बाजूने, ईशान्येच्या काठावरून पायऱ्या उतरतात. तिथेच धार आहे: गोमुखातून बारमाही पडणारं गोड पाणी. हे पाणी बेसॉल्टच्या थरांच्या सांध्यांतून झिरपत येतं. खाली खारट सरोवर आणि वर शंभर-सव्वाशे मीटरवर गोडं पाणी, याचं लोकांना नवल वाटतं. त्याची उकल सरळ आहे. विवरात पाणी शिरायला झरे आणि पाऊस आहेत, बाहेर पडायला वाट नाही. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे उरतात, आणि बेसॉल्ट झिजून येणारा सोडा त्यात साठत राहतो. म्हणून सरोवर समुद्रासारखं नुसतं खारट नाही. ते क्षारीय आहे, धुण्याच्या सोड्याच्या अंगाने जाणारं. त्याचा सामू (पीएच) बराच काळ साडेनऊ-दहाच्या घरात मोजला गेला. पाऊस जास्त झाला की तो उतरतो. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावरचा सोडा गोळा करत. पापडी, भुस्की, डल्ला, खुप्पल अशी त्याच्या प्रतींची नावं होती, आणि साबण, काच यांसाठी तो जाई. 'आइन-ए-अकबरी'तही इथल्या या उद्योगाचा उल्लेख येतो.

सोबत सामू मोजायच्या कागदी पट्ट्या ठेवाव्यात. शाळेच्या प्रयोगशाळेचं साहित्य मिळतं तिथे मिळतात; १ ते १४ पर्यंतच्या घ्या, नुसता लाल-निळा लिटमस नको. एक पट्टी धारेच्या पाण्यात, एक सरोवराच्या कडेला. रंगांतला फरक बघितला की वरचा सगळा परिच्छेद वाचायची गरज उरत नाही. पट्ट्या परत आणायच्या. दगड, सोडा, पाणी यांतलं काहीही बरोबर घ्यायचं नाही.

उतरताना झाडी बदलत जाते, तिकडे लक्ष ठेवा. उतारावर साग आणि कोरड्या जंगलातली झाडं, आणखी खाली सीताफळ, मग पाण्याभोवती बाभळीचं कडं, आणि त्यापुढे उघडी राखी-पांढरी माती. ही माती वरून वाळलेली दिसते, खाली मऊ असते. पाय घोट्यापर्यंत जातो आणि सोड्यामुळे निसटतो. काठीने चाचपल्याशिवाय पाण्याच्या कडेला जाऊ नका. कुजलेल्या अंड्यांसारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा; तळच्या चिखलात प्राणवायूशिवाय चालणाऱ्या कुजण्यातून तो निघतो. वारा नसलेल्या दिवशी डोकं दुखू शकतं, तेव्हा कडेला पंधरा-वीस मिनिटं पुरेत.

पाण्याचा एरवीचा हिरवा रंग सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळाचा. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं आणि देशभर फोटो फिरले. पाणी आटून क्षार वाढल्यावर खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या अंगच्या गुलाबी द्रव्याने रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत दिसलं. पावसाने पाणी पातळ झालं, रंग गेला. गुलाबी पाणी बघायच्या आशेने येऊ नका. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालचा पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पक्ष्यांसाठी दुर्बीण आणा: शेकाट्या, टिबुकली, हळदी-कुंकू बदक, हिवाळ्यात चक्रवाक. झाडीत मोर हमखास.

काही गाइड होकायंत्र काढून सुई फिरते ते दाखवतात आणि उल्केचा तुकडा खाली पुरलाय म्हणतात. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतंच. सुई सह्याद्रीतल्या बऱ्याच कातळांजवळही हलते. चमत्कार म्हणून नाही, पण गंमत म्हणून बघायला हरकत नाही.

साडेनऊला चढायला सुरुवात करा. चढताना पहिला अर्धा टप्पा मुद्दाम हळू घ्यायचा. तळाच्या दमट, स्थिर हवेत दम लवकर लागतो आणि वर आल्यावर वारा मिळतो. दोघांपैकी जो सावकाश चढतो त्याला पुढे ठेवा. वेगवान माणूस पुढे गेला की मागच्याची विश्रांती नेहमी अर्धवट राहते, कारण तो पोचतो तेव्हा पुढचा निघायला तयार असतो.

वर आल्यावर गाडी काढून मोठ्या मारुतीला जा. मुख्य विवरापासून पाऊण किलोमीटरच्या आत अंबर तळं, त्याच्याजवळ आडव्या मारुतीची मूर्ती. हे तळं उल्केच्या दुसऱ्या लहान तुकड्याने पडलं असं सांगतात, पण अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. वेळ कमी असेल तर हे सोडलं तरी चालेल. उतरण सोडू नये.

गाडीत बसण्याआधी बूट पाण्याने धुवा. सोड्याचा चिखल वाळला की पांढरा थर धरतो आणि चामडं तडकतं. मग जेवण आटोपून फार तर साडेबाराला निघायचं. कारण दिशा. परतीचा सगळा रस्ता पश्चिमेकडे जातो, आणि साडेचारनंतर समृद्धीवर सूर्य थेट काचेत येतो. समोरच्या ट्रकचे ब्रेकचे दिवे दिसेनासे होतात. मेहकरला बालाजीपाशी अर्धा तास काढूनही साडेबाराला निघालेली गाडी साडेतीनच्या आत माळीवाड्याला उतरते. मुंबईकरांना तेवढ्यात घर गाठता येत नाही, त्यांनी चार ते सूर्यास्त ही वेळ एखाद्या थांब्यावर चहा घेत घालवावी किंवा अकरालाच निघावं. निघताना काच आतूनही पुसून घ्या. समोरून ऊन आलं की खरा त्रास आतल्या बाजूच्या तेलकट थराचा होतो, आणि तो वायपरने जात नाही.